तिसऱ्या सिलिंडरच्या मागावर: पुणे–दिवेआगर–पुणे

गाडी गॅरेजच्या दारात पोचली की बरी होते, हा अनुभव अनेकांना असेल. माझ्या लाल हॅचबॅकने मात्र ते व्रतच घेतलंय. टर्बो-पेट्रोल, सहा गिअर, बसकी, सस्पेन्शन इतकं कडक की रस्त्यावर नाणं पडलं असेल तर छाप आहे की काटा तेही कळावं. मी तिचा तिसरा मालक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आधीच्या दोन मालकांनी तिचे काय हाल केले त्याला कंपनी काय करणार?

दुखणं असं. काही सकाळी, सगळ्या नव्हे, स्टार्ट केली की अर्धा मिनिट थरथरते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. मग आपोआप सावरते आणि दिवसभर अशी पळते की तक्रार करणाऱ्यालाच लाज वाटावी. अकराला गॅरेज उघडेपर्यंत बाई ठणठणीत. स्कॅनरमध्ये कोड तेवढा राहतो: पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं इंधन नीट पेटत नाही. त्या एका कोडवर आजवर ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइल बदलल्या, प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ झाली, इंजेक्टर साफ झाले. खर्चाचा आकडा लिहीत नाही, हे घरातही वाचलं जातं.

शेवटी मेकॅनिक म्हणाला, "साहेब, पेट्रोलच तसं येतंय. ई-ट्वेंटी." हल्ली गाडीला काहीही झालं की बोट तिकडे जातं. अ‍ॅव्हरेजची तक्रार खरी आहे, इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा वीस टक्के मिसळल्यावर थोडा फटका बसणारच. पण चारही सिलिंडर एकाच टाकीतलं पितात. मग आजारी तिसराच का? यावर तो डोकं खाजवून म्हणाला, "मग असं करा, लांब घेऊन जा. घाट दाखवा. कुठे मिसिंग मारते ते लिहून आणा, मी काढतो."

मामाला हरिहरेश्वरला जायचंच होतं, कुलदैवत. हयात टेल्कोच्या इंजिन शॉपमध्ये गेलेला माणूस. गाडीचं दुखणं ऐकल्यावर त्याने मामीला सांगून टाकलं की तू पुढच्या महिन्यात लेकीबरोबर जा, या खेपेला आम्ही दोघंच. बायकोला विचारलं तर म्हणाली, "गाडीच्या बाबतीत मी तटस्थ राष्ट्र आहे. पोचलात की कळव, नाही पोचलात तरी कळव."

शुक्रवार

सहाला कोथरूडहून निघालो. डिसेंबरची थंडी, काचेवर दव. आदल्या दिवशी गाडी फक्त कर्वे रस्त्यापर्यंत जाऊन आली होती, त्यामुळे की काय, मुकाट स्टार्ट झाली. मामाच्या एका पिशवीत नारळ, खण, उदबत्ती आणि दुसरीत सॉकेट सेट, प्लग पाना, टॉर्च. सीटवर बसताना "अरे, ही गाडी आहे की पाट?" एवढंच बोलला.

चांदणी चौकात नवे पूल होऊन काळ लोटला, जुना पूल पाडला तो २०२२च्या ऑक्टोबरात. तरी पौडकडे जाणारी लेन पकडताना अजून मान पुढे काढून पाट्या वाचाव्या लागतात. ते जमलं आणि पुढे पिरंगुटचा घाट आला. हा तसा नावालाच घाट. पण तिसऱ्या गिअरमध्ये काटा दोन हजारांच्या वर गेला की टर्बो जागा होतो आणि पाठ सीटला टेकते. "विकून का टाकत नाहीस?" असं विचारणाऱ्यांना मी इथवर आणून सोडतो. मामाने दाराच्या वरची मूठ धरली, पण हसू लपलं नाही.

मी मोबाइलवर स्कॅनरचं अ‍ॅप उघडून दिलं होतं: कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर. मामाने त्याकडे एकदा पाहिलं आणि खिशातून वही काढली. रकाने आखले, वेळ, गाव, चढ की उतार, तापमान, शेरा. पौड, ९२. मुळशी, ९३. शेऱ्यात सगळीकडे "काही नाही."

मुळशीच्या पाण्याकडेने रस्ता वळत राहतो, पहाटेची वाफ पाण्यावर तरंगत असते. या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला होता, हे मामा दर वेळी सांगतो, या वेळीही सांगितलं. पुढे निवे, डोंगरवाडी, आणि मग ताम्हिणी उतरायला लागतो. पावसाळ्यात इथे गाड्या लावायला जागा नसते. डिसेंबरात रस्ता आपला. डावी-उजवी वळणं, कारवीचे वाळके दांडे, मध्येच दरीतून वर येणारा गार वारा. बसकी गाडी वळणात झुकत नाही. उतार असल्यामुळे तिसऱ्यात टाकून ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता आलो. उतारात इंजिनवर भार नसतो, तेव्हा मिसफायरही शून्य.

विळे, निजामपूर, माणगाव. माणगावात मुंबई-गोवा महामार्गाची नेहमीची रांग. तिथे मोरब्याकडे वळलो, साई, म्हसळा, आणि जेवायच्या वेळेला दिवेआगर. खाणावळीत आधी फोन केला होता हे बरं, नाहीतर मोदक मिळत नाहीत. वाडीत सुपाऱ्या वाळत घातलेल्या, अंगणभर केशरी. गाडी त्याच अंगणाच्या कडेला नारळाखाली लावायला जाणार तेवढ्यात खाणावळीच्या काकू ओरडल्या, "नारळाखाली नको हो, दोन पडले परवा!"

संध्याकाळी किनाऱ्यावर मामा वही चाळत होता. दीडशेहून जास्त किलोमीटर आणि शेऱ्यात एकही दोष नाही. आम्ही दोघंही जरा हिरमुसलो होतो. बिघाड झाला नाही म्हणून वाईट वाटणारी माणसं त्या किनाऱ्यावर आम्हीच असू.

शनिवार

सकाळी सातला चावी फिरवली आणि ती थरथरली. आरसा हलला, डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा खाली पडला, दिवा लुकलुकला. मामा मागे उभा होता. "बंद करू नकोस!" म्हणत त्याने सायलेन्सरजवळ वाकून वास घेतला. पांढरा धूर. थंडीत सगळ्याच गाड्यांच्या मागे वाफ दिसते, ती लगेच विरते. ही जरा रेंगाळली. आणि वास गोडसर, औषधाच्या सिरपसारखा. पंचवीस-तीस सेकंदांत सगळं बंद. इंजिन गुळगुळीत.

कोड: पी ०३०३.

"कॉइल काढ," मामा म्हणाला.

"नवीन आहे ती."

"नवीन म्हणजे चांगली असं कुणी सांगितलं? तिसरीची पहिलीला घाल, पहिलीची तिसरीला. उद्या कोड पहिल्यावर गेला तर कॉइल चोर. नाही गेला तर कॉइल सुटली."

इतकं साधं. पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात. आणि मी सगळ्या कॉइल विकत घेऊन बसलो होतो, कारण गॅरेजमध्ये अदलाबदल करून दुसऱ्या सकाळपर्यंत गाडी ठेवायला कुणाला वेळ नाही. पार्ट बदलला की बिल होतं, अदलाबदलीचं बिल होत नाही. हे मी रागाने लिहीत नाही. पण गाडी सेकंडहॅंड घेणाऱ्याने स्वतः करायच्या गोष्टींत ही पहिली.

तो दिवस देवाचा. दिवेआगरहून आरावीमार्गे श्रीवर्धनचा रस्ता समुद्राच्या काठाने जातो, काही ठिकाणी तर लाट फुटलेली काच खाली न करताही ऐकू येते. इथे गाडी चौथ्यात सोडून दिली की बोलायचीही गरज वाटत नाही. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव, १७१३ मध्ये शाहू महाराजांनी ज्यांना पेशवेपद दिलं ते. पुणेकराने इथे थांबून निदान एक कोकम सरबत प्यावं, तेवढं ऋण आहे. आम्ही प्यायलो.

हरिहरेश्वरला आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव, असा दर्शनाचा क्रम. ओहोटी होती म्हणून प्रदक्षिणाही झाली. डोंगराच्या चिरेतून पायऱ्या खाली उतरतात आणि एकदम खडकांवर समुद्र समोर येतो. लाटांनी खडकाला जाळी पाडलेली, बोटं घालता येतील अशी भोकं. मामा गुडघे दुखतात म्हणून एरवी जिना टाळतो, पण इथे माझ्यापुढे. गुरुजींनी आशीर्वाद देताना विचारलं, काही विशेष संकल्प? मामा म्हणाला, "भाच्याची गाडी." गुरुजींनी मान डोलावली, त्यांना ते नवं नसावं.

परत येताना चढांवर मुद्दाम पाय दाबला. पूर्ण बूस्ट, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये. मिसफायर शून्य. म्हणजे घाटाचा, भाराचा, बूस्टचा हिशेब चुकत होता. बिघाड चढावर येत नव्हता. तो रात्री येत होता, गाडी उभी असताना.

रविवार

मामा माझ्याआधी उठला. मी चहा घेऊन बाहेर आलो तर बॉनेट उघडं आणि मामा रेडिएटरकडे जाणारा वरचा जाड होज अंगठा आणि बोटांत धरून उभा. "दाबून बघ."

दाबला. दबेना. रात्रभर गारठलेल्या गाडीचा होज लुसलुशीत हवा, कारण कूलंट थंड झाला की आकसतो, आतला दाब जातो. हा टणक होता.

"आत दाब कुठून आला?" मामा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. कूलंटच्या पांढऱ्या टाकीवर टॉर्च धरली. पातळी मिनिमम रेषेच्या खाली. पुण्याहून निघताना मी पाहिली होती, दोन रेषांच्या मध्ये होती. खाली जमिनीवर थेंब नाही, रेतीत डाग नाही.

स्टार्ट केली. थरथर, धूर, गोड वास. कोड: पी ०३०३. कॉइल जागची हलली तरी कोड हलला नव्हता. कॉइल सुटली.

मग प्लग काढले. अंगणात वर्तमानपत्र पसरून मामाने चारही ओळीने मांडले, सिलिंडरच्या क्रमाने. काकूंची नात बघायला आली. पहिला, दुसरा, चौथा: टोकाशी फिकट तपकिरी, कडेला थोडी काजळी. जळणाऱ्या इंजिनात प्लग असाच दिसायला हवा. तिसरा पांढराशुभ्र. पोर्सेलीन घासूनपुसून ठेवल्यासारखं, धातूवरही डाग नाही.

"हा छान आहे," नात म्हणाली.

"हाच चोर आहे," मामा म्हणाला. "इतका स्वच्छ प्लग कशाने होतो? वाफेने. याच्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय."

सगळं एकदम जागेवर बसलं. हेड गॅस्केट. इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये जी पातळ चादर असते, तिला तिसऱ्या सिलिंडरपाशी बारीक वाट पडलेली. गाडी चालत असताना सिलिंडरमधला दाब कूलंटपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून गॅस उलटा कूलंटमध्ये घुसतो. त्यामुळेच होज टणक. लांबचा प्रवास करून गाडी बंद केली की सिलिंडरमध्ये दाब राहत नाही, कूलंटमध्ये मात्र राहतो. मग कूलंट त्याच वाटेने थेंबथेंब सिलिंडरमध्ये उतरतो. सकाळी तिसरा सिलिंडर पाणी प्यायलेला उठतो. अर्ध्या मिनिटात ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, आणि पुरावा नष्ट. पुण्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तेवढा दाबच चढत नाही, म्हणून काही सकाळी होतं, काही सकाळी नाही. मेकॅनिकला वेड्यात काढण्यात अर्थ नव्हता. अकरा वाजता त्याच्यासमोर खरंच निरोगी गाडी उभी असायची.

दुपारी कुठे जायचं नव्हतं. मामाने ग्लव्ह बॉक्समधली बिलांची फाइल मागवली. आधीच्या मालकांची. मी ती गाडी घेताना चाळली होती, किलोमीटर जुळतात का एवढं पाहायला. मामा एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेला आणि दुसऱ्या मालकाच्या एका बिलावर थांबला: थर्मोस्टॅट हाउसिंग बदललं, कूलंट भरलं, गाडी टो करून आणल्याचा वेगळा आकार.

"टो करून. म्हणजे रस्त्यात उकळून बंद पडली होती." हे हाउसिंग, म्हणजे कूलंट ज्यातून जातो ते कवच, अनेक नव्या इंजिनांत प्लास्टिकचं असतं, वयाबरोबर तडकतं, कूलंट जातो. चालवणाऱ्याने काट्याकडे दुर्लक्ष केलं तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून केसभर वाकतं. गाडी दुरुस्त होते, चालते, विकलीही जाते. आणि गॅस्केट मग सावकाश हार मानतं. सेकंडहॅंड घेताना मीटरचे आकडे सगळे बघतात. टोइंगच्या त्या चार ओळींनी मला जास्त सांगितलं असतं.

आता प्रश्न पुण्याला जायचा. कोकणातून देशावर यायचं तर सह्याद्री चढल्याशिवाय सुटका नाही: ताम्हिणी घ्या, वरंधा घ्या, आंबेनळी घ्या, नाहीतर खोपोलीकडून बोरघाट. फ्लॅटबेडला फोन केला, त्याने सांगितलेला भाव ऐकून मामा म्हणाला, "तेवढ्यात गॅस्केट येतं." वास्तविक शहाण्या माणसाने फ्लॅटबेडच बोलवावा. पण गळती अजून बारीक होती, ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाळपणा नव्हता, तापमान दोन दिवसांत एकदाही शंभरीपार गेलं नव्हतं. मामाने अट घातली: काटा १०८ झाला की जिथे असू तिथे उभं राहायचं, मग घाट असो की जंगल.

आणि एक प्रयोग. संध्याकाळी बोर्ली पंचतनला जाऊन बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणलं, वाटेत इंजिन चांगलं गरम केलं. दुकानात हिरवं कूलंट होतं, आमचं गुलाबी. वेगवेगळ्या जातीची कूलंट मिसळू नयेत, त्यापेक्षा शुद्ध पाणी बरं. परत आल्यावर दीड तास थांबलो, होजला हात लावता येईल इतका गार होईपर्यंत. गरम इंजिनचं झाकण उघडणं म्हणजे तोंडावर उकळी घेणं, हे मामाने अंगणात जमलेल्या सगळ्या मुलांना दोनदा सांगितलं. मग जाड फडकं धरून, झाकण एकेक आटा फिरवत. बराच वेळ फुस्स आवाज येत राहिला. पातळी भरली, झाकण लावलं. आता रात्री कूलंटला ढकलायला आत दाब नव्हता.

तेवढ्या वेळात सुवर्णगणेशाचं दर्शन घेऊन आलो. १९९७ मध्ये इथल्या एका वाडीत हा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला, आणि २०२१च्या नोव्हेंबरात पुन्हा प्रतिष्ठापना झाली.

सोमवार

पहाटे पाच. अंधार. मामाने आधी होज दाबला: मऊ. चावी फिरवली.

एकही हिसका नाही. धूर नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मामाने वहीत शेरा लिहिला: "सिद्ध." काकूंनी खिडकीतून विचारलं, झाली का दुरुस्त? नाही, फक्त कळलं. त्यांना फरक कळला नाही, पण वाटेसाठी नारळाच्या वड्या दिल्या.

म्हसळा, मोरबा, माणगाव उजाडायच्या आत मागे टाकलं. विळे सोडल्यावर चढ सुरू झाला तेव्हा एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा चारवर. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. इंजिनची उष्णता तो केबिनमध्ये ओततो. चारही काचा खाली. बाहेर हुडहुडी, आत पायाशी भट्टी. मामाने स्वेटर काढला, मग मफलर, मग शर्टाची दोन बटणं.

गिअर दुसरा-तिसरा, काटा अडीच ते तीन हजारांत. चढावर वरचा गिअर टाकून कमी आरपीएमला टर्बो दामटणं हे अशा इंजिनचं सगळ्यात वाईट: भार जास्त, वॉटर पंप हळू फिरतो, आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटायचा धोका. हलकं, फिरतं ठेवायचं. मामा आकडे मोठ्याने वाचत होता. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव. शंभर. पाणी शंभरला उकळतं म्हणून घाबरायचं कारण नाही, दाबाखाली आणि ग्लायकोल मिसळलेलं कूलंट त्याच्या बरंच पुढे तग धरतं. पण ज्या गाडीचा दाबच गळका, तिला हा नियम कितपत लागू, हा विचार मनातून जात नव्हता.

एका वळणावर खडीचा डंपर. पहिल्या गिअरमध्ये रांगत, ओव्हरटेकला जागा नाही. एकशे तीन. एकशे चार. एकशे पाच. "थांबूया?" "एकशे आठ ठरलंय," मामा म्हणाला, पण वही मिटून मांडीवर ठेवली होती. डंपरवाल्याने हात बाहेर काढून पुढे जायची खूण केली. देव भलं करो त्याचं. पुढे मोकळा रस्ता लागला, वारा रेडिएटरवर आला आणि आकडे उतरू लागले. माथ्यावर टपरी दिसेपर्यंत सत्त्याण्णव.

दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद केली, टर्बोला निवायला. वडापाव, चहा. मामाला घामेजलेला बघून टपरीवाल्याने विचारलं, "काका, चालत आलात का?"

खरा घाट पुढे होता: भूगाव. सोमवारची सकाळ, ऑफिसला निघालेलं सगळं पौड खोरं, आणि मध्ये आम्ही, काचा खाली, हीटर चारवर. चढावर निदान गाडी पुढे सरकते, वारा मिळतो. इथे उभ्या उभ्या एकशे चार. शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंच्या पायाला आमच्या खिडकीतली गरम हवा लागली असावी. त्यांनी स्कार्फ खाली करून एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा मामाकडे. मामाने नमस्कार केला.

गॅरेज उघडायला पाच मिनिटं असताना आम्ही दारात होतो.

मंगळवार

मेकॅनिकने वही शांतपणे वाचली, प्लगचे फोटो मोठे करून पाहिले. मग म्हणाला, "हे आधी सांगायचं ना, साहेब!" मामा काही बोलणार होता, मी त्याचा हात दाबला.

खात्रीची चाचणी शेजारच्या गॅरेजमधून आणलेल्या किटने झाली. एका नळीत निळा द्रव असतो. कूलंटच्या टाकीच्या तोंडावर धरून त्यातून हवा ओढायची. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड त्यात आला की रंग पिवळा होतो. आमचा आधी हिरवट झाला आणि मग सरळ पिवळा.

संध्याकाळपर्यंत हेड खाली आलं. गॅस्केटवर तिसऱ्या सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत तपकिरी रेघ, नखाएवढी रुंद. हेडवर सरळपट्टी ठेवून फट मोजायचं फीलर गेज सरकवलं, पाच शतांश मिलिमीटरचं पातं अडकायला हवं होतं, ते आरपार गेलं. लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवायचं ठरलं. इनटेक व्हॉल्व्ह बघितले तर काजळीची पुटं चढलेली. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे ते व्हॉल्व्हवरून वाहत नाही आणि धुऊन निघत नाही. हेड खाली आलंच आहे तर तेही अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने साफ करून घेऊ, म्हणाला. घेतो.

रात्री मामाचा फोन. हेडचे बोल्ट एकदा ओढले की ताणले जातात, पुन्हा वापरायचे नसतात. मेकॅनिक जुने चालतात म्हणाला होता की नाही? म्हणाला होता. "नवीनच घालायला सांग. आणि आवळताना मी तिथे आहे, टॉर्क रेंच माझं घेऊन येतो." गॅस्केट शुक्रवारी येतंय.